रविवारची शिफ्ट नाकारता येते का? ब्रिटनमधल्या वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये रविवारच्या कामाबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. बहुतेक पत्रं दुकानांत काम करणाऱ्यांची, काही हॉटेलांतली, एक पुण्याचं. उत्तरं प्रामुख्याने इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्याला धरून आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा उल्लेख पुढे केला आहे.

प्रश्न : लेस्टरमधल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीन वर्षांपासून नोकरी करते. कॉन्ट्रॅक्टमध्ये ‘सातपैकी कोणतेही पाच दिवस’ असं लिहिलंय आणि रोटावर (शिफ्टच्या वेळापत्रकावर) जवळजवळ दर रविवार येतो. मुलीची मराठी शाळा रविवारी असते. मॅनेजर म्हणतात, ‘सही केली आहेस, आता नाही म्हणता येणार नाही.’ हे खरं आहे का?

नाही. कॉन्ट्रॅक्टवर सही असली तरी दुकानातल्या कर्मचाऱ्याला रविवारच्या कामातून बाहेर पडता येतं. हा हक्क एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६ मध्ये आहे. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. धर्म, मूल, तब्येत, काहीही सांगायची गरज नाही. किती वर्षं नोकरी झाली, आठवड्याला किती तास भरता, यालाही महत्त्व नाही. केवळ रविवारपुरतं कामावर घेतलेल्यांना मात्र हा हक्क नाही.

पण नुसतं तोंडी सांगून किंवा व्हॉट्सॲपवर ‘या रविवारी जमणार नाही’ लिहून तो मिळत नाही. लेखी नोटीस द्यावी लागते. तिला ‘ऑप्टिंग-आउट नोटीस’ म्हणतात. तीत तीनच गोष्टी लागतात : रविवारच्या कामाला तुमची हरकत आहे हे वाक्य, तुमची सही आणि तारीख. छापील फॉर्म नाही. साध्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी पुरतात. वाक्य मात्र ठाम हवं, ‘आय ऑब्जेक्ट टू संडे वर्किंग’ असं. बरेच जण संकोचाने ‘शक्य झाल्यास रविवार टाळावा’ अशी विनंती लिहितात, आणि विनंती म्हटल्यावर ती नाकारताही येते. सौजन्य वरच्या ओळीत दाखवा, हरकतीच्या ओळीत नको.

कागदावर हाताने सही करा, त्याचा फोटो काढा, मूळ प्रत मॅनेजरच्या हातात द्या आणि त्याच दिवशी तो फोटो एचआरला ईमेल करा. नोटीस कोणत्या दिवशी पोचली याचा पुरावा नसेल तर पुढचा सगळा हिशेब डळमळतो.

हिशेब असा. नोटीस दिल्याच्या दिवसापासून तीन महिने मोजायचे, तो दिवसही धरून. समजा मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६ रोजी नोटीस दिली. मुदत शनिवार, ९ मे रोजी संपते आणि १० मेच्या रविवारपासून तुम्ही मोकळ्या. मधल्या रविवारांना कामावर जावंच लागतं. नोटीस दिली म्हणून पुढच्याच रविवारी घरी बसलं आणि मालकाने कारवाई केली, तर कायदा पाठीशी नसतो. या हक्काचा वापर फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. नोकरी लागल्यावर रविवारबद्दलचा कोणताही कागद मिळाला नाही, असं तुम्ही लिहिलंय. रविवारी काम करावं लागू शकणाऱ्या दुकान कर्मचाऱ्याला मालकाने नोकरी सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत या हक्काचं लेखी निवेदन द्यायला हवं. मजकूर कायद्यातच ठरवून दिलेला आहे. ते दिलं नसेल तर तीन महिन्यांची मुदत एका महिन्यावर येते. वरच्याच उदाहरणात मुदत ९ मार्चला संपेल आणि पहिला मोकळा रविवार १५ मार्चचा असेल. नोटीस देण्याआधी जुने ईमेल, स्वागताच्या वेळी मिळालेलं पाकीट, स्टाफ हँडबुक आणि कंपनीचं ॲप नीट चाळा. निवेदन अनेकदा हँडबुकच्या शेवटच्या पानांत दडलेलं असतं, आणि ‘मिळालंच नाही’ असं लिहून दिल्यावर ते सापडलं तर पंचाईत होते. खात्री नसेल तर तीन महिने धरून चाला.

प्रश्न : मी नोटीस दिली. आता मॅनेजर म्हणतात की आठवड्याचे तीस तास होते, ते बावीस होतील. रविवारचे आठ तास दुसऱ्या दिवशी द्यायला ते बांधील नाहीत का? ही शिक्षाच झाली ना? (हाउन्स्लो)

बांधील नाहीत, आणि कायद्याच्या नजरेत ही शिक्षाही नाही. रविवारी न केलेल्या कामाचा पगार मिळत नाही. ते तास इतर दिवशी भरून द्यायची सक्ती मालकावर नाही. कॉन्ट्रॅक्टमध्ये तीस तासांची हमी असली, तरी मुदत संपल्यावर त्यातला रविवारचा भाग मालकावर बंधनकारक राहत नाही. रविवारी येणाऱ्यांना जादा दराने पैसे देऊ केले आणि तुम्हाला ते मिळाले नाहीत, तर त्याचीही तक्रार चालत नाही. मुळात रविवारला जादा दर द्यावा असा कायदाच नाही. जिथे मिळतो तिथे तो कॉन्ट्रॅक्टमुळे.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी पेस्लिप घेऊन बसा, रविवारचे तास वजा केल्यावर महिन्याकाठी हातात किती उरतं ते बघा, मग नोटीस. नोटीस देण्याआधीच ‘मला शनिवारची शिफ्ट वाढवून मिळेल का’ हे विचारून बघायला हरकत नाही, आणि होकार मिळाला तर तो लेखी घ्या. हा हक्क रविवार वाचवतो, उत्पन्न वाचवत नाही. रविवारी जादा दर मिळत असेल तर फटका तासांच्या प्रमाणापेक्षा मोठा बसतो.

बावीसचे अठरा झाले, म्हणजे रविवारशी संबंध नसलेले तासही कापले, तर मात्र गोष्ट वेगळी. ती पुढे येते.

प्रश्न : वेंब्लीतल्या एका भारतीय उपाहारगृहात आचारी आहे. हाच नियम मला लागू होतो का?

नाही होत. हा हक्क दोनच क्षेत्रांत आहे : दुकानं आणि सट्ट्याची अधिकृत केंद्रं. त्यामागे १९९४ चा सौदा आहे. तोपर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी बहुतेक दुकानं उघडायला बंदी होती. संडे ट्रेडिंग ॲक्ट १९९४ ने ती उठवली. २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत सलग सहा तासांची मुभा मिळाली, लहान दुकानांवर बंधन राहिलं नाही, आणि बदल्यात दुकानातल्या नोकरांना नकाराचा हक्क दिला गेला. उपाहारगृहं, पब, रुग्णालयं रविवारी आधीपासूनच चालू होती, त्यामुळे तिथल्या लोकांचा विचार या सौद्यात झालाच नाही. हे अन्यायाचं वाटलं तर चूक नाही, पण कायदा असाच आहे.

कायद्याच्या व्याख्येत जागेवर बसून खाण्यापिण्याची विक्री आणि लगेच खाण्यासाठी मागणीप्रमाणे करून दिलेले पदार्थ, म्हणजे टेकअवेसुद्धा, दुकानात मोडत नाहीत. उलट केशकर्तनालय मोडतं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान मोडतं, पेट्रोल पंपावरचं दुकानही मोडतं. ग्राहकांसमोर उभं राहावं लागतंच असं नाही. दुकान उघडं असण्याच्या दिवशी मागच्या खोलीत माल लावणारा किंवा साफसफाई करणाराही दुकान कर्मचारीच. मात्र गावाबाहेरच्या वितरण गोदामात काम करणारा तसा नाही, भले माल त्याच सुपरमार्केटचा असो.

तुम्हाला दोन गोष्टी उपयोगी पडतील. एक, वर्किंग टाइम रेग्युलेशन्स १९९८ प्रमाणे आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती, किंवा मालकाने ठरवलं तर दोन आठवड्यांत ४८ तास. वार कोणता, ते कायदा सांगत नाही. अठरा वर्षांखालच्यांना आठवड्याला ४८ तास. दुसरं, ‘फ्लेक्सिबल वर्किंग’चा, म्हणजे कामाचे दिवस किंवा वेळा बदलून मागण्याचा अर्ज. एप्रिल २०२४ पासून तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येतो, बारा महिन्यांत दोनदा. मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा, नाकारण्याआधी तुमच्याशी चर्चा करायची, आणि नकाराचं कारण कायद्यातल्या यादीतलंच असायला हवं. अर्जात ‘रविवार नको’ एवढंच लिहू नका. ‘रविवारऐवजी मंगळवार, शिवाय शुक्रवारी रात्री उपाहारगृह बंद करून जाईन’ असा तयार रोटा जोडा. उपाहारगृहाचा धंदा रविवारी दुपारी जोरात असतो, नुसत्या नकाराला नकारच मिळेल.

प्रश्न : मास्टर्स करतोय. एका कपड्यांच्या दुकानात शनिवार-रविवार काम करतो, झिरो-आवर्स (किमान तासांची हमी नसलेल्या) कॉन्ट्रॅक्टवर. रविवार सोडता येईल का? व्हिसाला काही होईल का? (बर्मिंगहॅम)

शनिवारीही काम असल्याने ‘केवळ रविवार’वाल्यांच्या अपवादात तुम्ही येत नाही. खरी अडचण झिरो-आवर्सची आहे. हा हक्क कायद्याच्या अर्थाने ‘एम्प्लॉयी’ असणाऱ्यालाच आहे. झिरो-आवर्सवरचे काही जण एम्प्लॉयी ठरतात, काही फक्त ‘वर्कर’, म्हणजे कमी हक्क असलेले. कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या पानावर कोणता शब्द आहे ते बघा, पण तेवढ्यावर ठरत नाही. प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो तेही पाहिलं जातं. दिलेली शिफ्ट नाकारायची मोकळीक कागदावर खरोखरच असेल, तर नोटिशीची गरजच नाही, ती शिफ्ट घेऊ नका. धोका एवढाच की पुढच्या आठवड्यात शनिवारही मिळणार नाही.

व्हिसावर रविवार सोडल्याने काही परिणाम नाही. पण तास भरून काढताना जपा. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. सरासरी चालत नाही. गेल्या आठवड्यात १२ झाले म्हणून या आठवड्यात २८ केले, तर तो नियमभंग आहे. रविवारी रात्री सुरू होऊन सोमवारी पहाटे संपणारी शिफ्ट दोन आठवड्यांत विभागली जाते, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, स्किल्ड वर्कर व्हिसावर. नोटीस देऊ का?

हक्क तुम्हालाही आहे. पण आधी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवरचा, म्हणजे व्हिसासाठी मालकाने दिलेल्या प्रमाणपत्रावरचा, पगार आणि तास बघा. रविवार गेल्यावर पगार त्या आकड्याखाली आला, तर मालकाला तो बदल दहा कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवावा लागतो. पगार व्हिसासाठी लागणाऱ्या किमान रकमेखाली गेला तर व्हिसाच धोक्यात येतो. तास दुसऱ्या दिवशी मिळतील असं लेखी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराशी एकदा बोला.

प्रश्न : गेल्या वर्षी रविवारमधून बाहेर पडले. नाताळाच्या गर्दीत मॅनेजरने गळ घातली म्हणून एक रविवार गेले. आता ते म्हणतात की तुमचा हक्क गेला. (रेडिंग)

गेलेला नाही. पुन्हा रविवारला बांधून घ्यायचं तर दोन पायऱ्या लागतात : तुम्ही सही आणि तारीख घालून लेखी ‘ऑप्टिंग-इन नोटीस’ द्यायची, आणि त्यानंतर रविवारी, किंवा अमुक रविवारी, काम करायला स्पष्ट संमती द्यायची. आग्रहाखातर एक दिवस गेल्याने यातलं काहीच होत नाही. तरीही पुढच्या वेळी जाताना ‘फक्त २० डिसेंबरपुरती येते, माझी नोटीस कायम आहे’ असा एका ओळीचा ईमेल टाकत जा.

जास्त सावध राहायला हवं ते बढती, बदली किंवा नव्या मालकाच्या वेळी सहीसाठी पुढे येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात. रविवारी काम करायची इच्छा आहे असं वाक्य त्यात असू शकतं. ते खोडा, मग सही करा. नजरचुकीने सही झालीच तर नवी ऑप्टिंग-आउट नोटीस देता येते, फक्त मुदत पहिल्यापासून मोजावी लागते.

प्रश्न : ग्लासगोत हेच नियम आहेत का? आणि बेलफास्टला?

स्कॉटलंडमध्ये दुकानांच्या रविवारच्या वेळांवर बंधन कधी नव्हतं, त्यामुळे १९९४ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना हा हक्कही मिळाला नव्हता. संडे वर्किंग (स्कॉटलंड) ॲक्ट २००३ ने ती उणीव भरून काढली. आता नोटीस, मुदत, सगळं सारखंच. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा, हक्क साधारण तसाच. तिथे चौकशी लेबर रिलेशन्स एजन्सीकडे करा.

प्रश्न : वृद्धाश्रमात केअर वर्कर आहे. रविवारी सत्संग असतो. धर्माच्या आधारावर सुटी मागता येईल?

मागता येईल, मिळेलच असं नाही. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खाली धार्मिक भेदभावाचा दावा करता येतो, पण मालकाचं कारण रास्त आणि उपाय प्रमाणात असला तर मालक जिंकतो. लंडनच्या मर्टन बरोविरुद्ध (तिथल्या स्थानिक प्रशासनाविरुद्ध) एका ख्रिस्ती महिला कर्मचाऱ्याने असाच दावा केला होता. त्या मुलांच्या निवासी केंद्रात काम करत आणि रविवार पाळणं ही त्यांची श्रद्धा होती. २०१३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्येही त्या हरल्या, कारण केंद्र सातही दिवस चालवायला कर्मचारी लागत होते आणि दुसरी व्यावहारिक सोय नव्हती. रविवार हा ज्यांचा धर्माने ठरलेला दिवस, त्यांची ही गत. सत्संगाचा वार मंडळाने सोयीने ठरवलेला असतो, तेव्हा तुमची बाजू त्याहून कच्ची. फ्लेक्सिबल वर्किंगचा अर्ज किंवा सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेणं हेच जास्त फलदायी.

प्रश्न : मुलगा तिकडे आहे म्हणून कुतूहल. आपल्याकडे रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिली ना? मग इथे दुकानातल्या पोरांना असा हक्क का नाही? (पुणे)

लोखंड्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी १० जून १८९० पासून लागू झाली, हे बरोबर. पण ती सुटी म्हणजे आठवड्याची विश्रांती, आणि आपले कायदे पुढे त्याच वाटेने गेले. महाराष्ट्राच्या दुकानं व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी द्यायची. ती कोणत्या वारी, ते मालकाच्या वेळापत्रकावर. म्हणजे पुण्यातल्या मॉलमधला मुलगा ‘सुटी द्या’ असं हक्काने म्हणू शकतो, ‘रविवारीच द्या’ असं नाही. लेस्टरच्या ताईंना विश्रांतीचा हक्क वेगळा आहे आणि रविवार नाकारण्याचा वेगळा.

प्रश्न : नोटिशीची मुदत संपली. आता मला मुद्दाम दुकान बंद करायच्या सगळ्या रात्रपाळ्या लावल्यात, सुपरवायझरच्या प्रशिक्षणातून नाव काढलंय. पुढे काय करायचं? (मिल्टन कीन्स)

हे बेकायदा आहे. रविवार नाकारला, किंवा नोटीस दिली, नुसती द्यायचं बोलून दाखवलं, या कारणाने कर्मचाऱ्याचं नुकसान करता येत नाही. कामावरून काढलं तर ती बडतर्फी आपोआप अन्याय्य ठरते आणि त्यासाठी किमान सेवेची अट नाही. कर्मचारी कपातीत याच कारणाने तुमचं नाव निवडलं, तरी तेच. मात्र तास फक्त रविवारचेच गेले असतील, तर वर सांगितल्याप्रमाणे ते नुकसानात धरत नाहीत.

कारण सिद्ध करणं हीच कठीण बाजू. नोटिशीच्या आधीचे दोन-तीन महिन्यांचे रोटा आणि नंतरचे रोटा, दोन्हींचे फोटो जवळ ठेवा. प्रशिक्षणातून नाव का काढलं हे ईमेलने विचारा, उत्तर ईमेलनेच येऊ द्या. मॅनेजर तोंडी काही बोलले तर त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा. मग कंपनीकडे लेखी ‘ग्रीव्हन्स’, म्हणजे अधिकृत तक्रार, दाखल करा. युनियनचे सभासद असाल तर प्रतिनिधीला बैठकीला सोबत न्या. सभासद नसलात तरी सहकाऱ्याला नेता येतं.

ग्रीव्हन्स चालू असताना तारखांकडे दुर्लक्ष करू नका. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलला (नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांत एक दिवस कमी अशी आहे आणि कंपनीची चौकशी रेंगाळली म्हणून ती थांबत नाही. ट्रायब्युनलच्या आधी ‘एकॅस’ या नोकरीच्या वादांत समेट घडवणाऱ्या संस्थेला कळवणं सक्तीचं आहे. तिथे समेटाचा प्रयत्न चालू असेपर्यंत घड्याळ थांबतं. २०२५ च्या कायद्यात ही मुदत सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद झाली आहे, पण ती तुमच्या घटनेला लागू होईल असं गृहीत धरू नका, तीन महिन्यांच्या आतच एकॅसकडे जा. त्यांची हेल्पलाइन ०३०० १२३ ११०० या क्रमांकावर आहे, सल्ला विनामूल्य मिळतो, आणि ट्रायब्युनलमध्ये दावा दाखल करायलाही शुल्क नाही.